जुन्या गाडीची बखर : भोर-वेल्ह्यातील जीप आणि पिकअप

१/
नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाताची पोती, दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या आणि कधी लग्नाचे वऱ्हाडही वाहून नेणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या दिसतात. त्यांच्या इंजिनावर आणि हौद्यावर अनेक हातांची कामे झालेली असतात. कारखान्याने गृहीत धरलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी अधिक काळ त्या चालतात. हे कसे घडले, याचे उत्तर महायुद्ध, टंचाई, परवाने आणि सरकारी लिलाव यांच्या इतिहासात आहे.

२/
प्रथम भूगोल. भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) हा सह्याद्रीच्या सोंडांमध्ये वसलेला प्रदेश. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, रोहिड खोरे ही नावे शिवकाळाच्या वाचकांना परिचित आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांनी ही खोरी कोरली आहेत. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड चढावी लागते.

३/
अशा मुलखात मालवाहतुकीचे जुने साधन म्हणजे पाठाळ, अर्थात पाठीवर ओझे वाहणारे बैल आणि तट्टे. गाडीला रस्ता लागतो, पाठाळाला पायवाट पुरते. मढे घाटासारख्या वाटांनी घाटमाथा कोकणाशी जोडलेला होता. चढावर किती ओझे नेता येते आणि अडल्यास वाटेत काय करता येते, हे दोन निकष तेव्हापासून इथे ठरलेले आहेत.

४/
पंतसचिवांचे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे एसटी गावोगाव पोहोचली आणि माणसांचा प्रवास बदलला. परंतु बांधावरची पोती, जनावरांचा चारा, घराचे पत्रे आणि सिमेंट यांचा प्रश्न तिच्या वेळापत्रकात बसणारा नव्हता. त्या रिकाम्या जागेत जीप आली.

५/
जीपचा जन्म युद्धातला. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या वाहनाची मागणी काढली. बँटम, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांच्या प्रयत्नांतून ती आकाराला आली. विलीजचे चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या.

६/
या गाडीचा एक गुण पुढच्या साऱ्या कथेचा पाया आहे. ती रणभूमीवर, मोजक्या हत्यारांनी, साधारण प्रशिक्षण घेतलेल्या सैनिकाला दुरुस्त करता यावी अशी होती. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. एका जीपचा भाग दुसऱ्या जीपला बसतो. युद्धासाठी केलेली ही सोय पुढे शेतकऱ्याच्या कामी आली.

७/
युद्ध संपल्यावर भारतात लष्करी वाहनांचे मोठे साठे उरले आणि त्यांची विक्री झाली. सरकारी खरेदी करणाऱ्या केंद्रीय महासंचालनालयाच्या नावात ‘सप्लाइज’बरोबर ‘डिस्पोजल्स’ हा शब्दही होता. म्हणजे घेणे आणि काढून टाकणे ही दोन्ही कामे राज्ययंत्रणेने नियमित मानली होती. अनेक भारतीयांच्या वाट्याला मोटार प्रथम आली ती अशी, कोणीतरी वापरून सोडलेली.

८/
जुनी गाडी घेताना होणारी फसगतही या काळात राष्ट्रीय पातळीवर घडली. १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धासाठी ब्रिटनमधून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा मागवण्यात आल्या. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी हा व्यवहार केला होता. १५५ जीपा भारतात पोहोचल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले.

९/
हे ‘जीप प्रकरण’ संसदेत गाजले आणि १९५५ मध्ये सरकारने ते बंद केले. स्वतंत्र भारतातील पहिल्या गाजलेल्या घोटाळ्यांत त्याची गणना होते. राजकारण बाजूला ठेवले तरी त्यातील व्यवहाराचा धडा साधा आहे : ‘दुरुस्त केलेली’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून, स्वतः न तपासता जुनी गाडी घेऊ नये. गावातला जाणता ग्राहक आजही सौद्याआधी गाडीखाली आडवा होतो, तो याच कारणाने.

१०/
याच सुमारास मुंबईत भारतीय जीपची कथा सुरू झाली. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आयात केलेल्या सुट्या भागांतून ती विलीज जीपांची जुळणी करू लागली.

११/
१९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्याने परवान्यांची चौकट घट्ट केली. कोणी काय आणि किती बनवायचे, हे सरकार ठरवू लागले. परिणामी गाड्यांचे नमुने मोजके राहिले आणि ते वर्षानुवर्षे बदलले नाहीत. सीजे-३बी या जीपचे उत्पादन अमेरिकेत १९६८ मध्ये थांबले. भारतात तोच आराखडा त्यानंतरही दीर्घकाळ चालत राहिला.

१२/
परवाना पद्धतीवर टीका होते आणि ती रास्तही आहे. नव्या गाडीसाठी ताटकळावे लागे आणि सुधारणा फारशी होत नसे. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की वीस वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन जीपांचे अनेक भाग एकमेकींना चालत. मिस्त्रीने एकदा शिकलेली विद्या आयुष्यभर पुरली. दुरुस्तीची परंपरा रुजण्यासाठी असे स्थैर्य आवश्यक असते.

१३/
नव्या जीपचा मोठा ग्राहक होते सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ग्रामीण जीवनात शिरली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. महसूल, वन, पाटबंधारे अशा खात्यांच्या कामातही जीप होती. पानशेत, वरसगावसारखी धरणे ज्या मुलखात बांधली गेली, तिथे ‘सरकारी जीप’ हा शब्द रूढ होणे स्वाभाविकच होते.

१४/
सरकारी गाडी जुनी झाली की तिचे निर्लेखन होई, म्हणजे दप्तरातून तिचे नाव कमी केले जाई आणि मग लिलाव. लिलावातून ती व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून तालुक्याच्या गावी आणि शेवटी एखाद्या वाडीवर पोहोचे. मागचे बाकडे काढून हौदा बसवला की साहेबांची जीप शेतकऱ्याची पिकअप झाली. ज्या गाडीतून सारा वसुलीचे अधिकारी येत, तिच्यातूनच पुढे भात बाजारात जाऊ लागले.

१५/
दुसरा प्रवाह पुण्याच्या बाजूने आला. स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी स्थापन झाली. जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाडी बनू लागली आणि पुढे आकुर्डीला कारखाना उभा राहिला. ‘टेम्पो’ हे त्या कंपनीचे नाव मराठीत इतके मुरले की आज कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतात.

१६/
त्यानंतर मॅटाडोर आणि ट्रॅक्स आल्या. टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ आणि १९८८ मध्ये ‘टाटामोबाइल’ ही पिकअप बाजारात आणली. २००० मध्ये बोलेरो आली आणि तिच्या पिकअप रूपाने पुढे डोंगराळ तालुक्यांत घर केले. २००५ मध्ये ‘टाटा एस’ आली आणि लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. यांतील बऱ्याच गाड्यांची जन्मभूमी पिंपरी-आकुर्डी, म्हणजे भोरपासून काही तासांच्या अंतरावर.

१७/
१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल जीप पोसणे अवघड केले. स्वस्त डिझेलकडे ओढा वाढला. महिंद्राने डिझेल जीपा आणल्या. प्यूजोच्या तंत्रावर आधारित तिची डिझेल इंजिने इगतपुरीत बनत. ज्यांच्याकडे पेट्रोल जीप होती, त्यांपैकी अनेकांनी डिझेल इंजिन बसवून घेतले. इंजिन बदलले, चासी तीच राहिली. म्हणूनच नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक स्वतंत्र असतात आणि खरेदीत दोन्ही पडताळावे लागतात.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुन्या गाडीची खरेदी ओळखीची वाटावी. ती साधन-चिकित्साच आहे. अनेक जुन्या जीपांच्या मीटरवर किलोमीटरचे पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. गाडी एकदा फिरली की तीनदा, हे मीटर सांगत नाही. शिवाय मीटर बंद पडते आणि मागेही फिरवता येते. थोडक्यात, ते पक्षपाती साधन.

१९/
विश्वासार्ह पुरावा झिजेत असतो. क्लचच्या पायपट्टीचे गुळगुळीत झालेले रबर, स्टिअरिंगची मोकळीक, पाट्यांचा बसका बाक, एक्झॉस्टमधून येणारा निळसर धूर. भोर-वेल्ह्याच्या पावसात सर्वांत महत्त्वाची तपासणी चासीची. वरचा रंग ताजा असला तरी आडव्या पट्ट्यांवर हातोडीचा हलका ठोका दिला की गंजलेला भाग बद्द आवाज करतो. इंजिन पुन्हा बांधता येते, कुजलेली चासी मात्र सौदा बुडवते.

२०/
त्यानंतर कागद. नोंदणी पुस्तकात किती मालक झाले, कर्जाचा बोजा उतरला आहे का, पासिंग कधीपर्यंतचे आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधीच्या महाराष्ट्रातील गाडीचा क्रमांक बहुधा ‘एम’पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा असे, नंतर एमएच-१२ सारखी मालिका आली. क्रमांकाची पाटी पाहताच गाडीचा काळ कळतो, जसा नाण्यावरच्या अक्षरांवरून राजवटीचा.

२१/
दुरुस्ती एका दमात होत नाही, कारण पैसा एका दमात येत नाही. भात निघाल्यावर जो हात मोकळा होतो, त्यावर एक काम होते. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, कारण घाटात त्यांना दुसरी संधी नसते. मग क्लच, पाटे, बुश. मग इंजिनकाम : लायनर, पिस्टन रिंगा, नोझल आणि पंप. पावसाळ्याच्या तोंडावर वायपर, टायर आणि ताडपत्री. रंग सर्वांत शेवटी. ज्या गाडीचा रंग आधी झाला, तिच्याकडे मिस्त्री संशयाने पाहतो.

२२/
या कामाला पुण्याचा आधार आहे. नाना पेठेत सुटे भाग मिळतात. बुधवार आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लोखंडाचे किडूकमिडूक सापडते. न मिळालेला भाग लेथवर घडवला जातो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे धातुकाम जाणणारे हात या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. उस्तादाच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला पुस्तक मिळत नाही. तो आवाज ऐकून दोष ओळखायला शिकतो.

२३/
हे चित्र गोंडस करण्याचे कारण नाही. जुन्या डिझेल गाडीचा धूर घातक असतो. मालवाहू हौद्यात माणसे बसवणे बेकायदा आहे आणि जीवघेणेही. क्षमतेहून अधिक माणसे भरलेल्या ‘वडाप’ जीपांच्या अपघातांनी अनेक कुटुंबे उद्ध्वस्त केली. जुनी गाडी हा अनेकदा निवडीचा प्रश्न नव्हता. नवी परवडत नव्हती आणि एसटी वाडीपर्यंत येत नव्हती.

२४/
आता ही साखळी तुटते आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या गाड्यांवर हरित कर आहे. २०२१ मध्ये केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क मोठ्या प्रमाणात वाढले.

२५/
इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक तारीख मात्र १ एप्रिल २०२३. त्या दिवसापासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. लष्करी आणि काही विशेष वाहने वगळता त्या अधिकृत केंद्रांत मोडीत काढायच्या आहेत. साहेबांची जीप लिलावातून वाडीवर पोहोचण्याची अनेक दशकांची वाट इथे बंद झाली. या धोरणामागे हवेचा आणि सुरक्षिततेचा विचार आहे. तरीही जुन्या गाडीवर उभे असलेले घर नव्या गाडीचे हप्ते कसे फेडणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

२६/
दुसरा बदल बॉनेटखाली झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. नव्या इंजिनाचा दोष शोधायला संगणक लागतो. धूर कमी झाला, हा लाभ निःसंशय मोठा आहे. त्याबरोबर रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या कानाचे मोल घटले. गाडी वेल्ह्यात अडली तर ती आता बहुधा टोचन करून पुण्याला न्यावी लागते.

२७/
गडकोटांचे, वाड्यांचे, मोडी कागदांचे जतन आपण करतो आणि ते केलेच पाहिजे. परंतु विसाव्या शतकातील मावळ कसा चालला, याचा पुरावा एखाद्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये, तेलकट वहीत आणि सत्तरी गाठलेल्या मिस्त्रीच्या आठवणीत आहे. कोणती गाडी कोणत्या खात्याच्या लिलावातून आली, कोणत्या भाताच्या पैशात तिचे इंजिन बांधले, कोणत्या बाळंतिणीला तिने रात्री भोरला पोहोचवले, हे कोणत्याही दप्तरात नाही.

२८/
राजगड-तोरण्याच्या पुढच्या फेरीत पायथ्याच्या गावात जुनी पिकअप दिसली, तर तिच्या मालकाला अवश्य विचारा : ही कोणाकडून घेतली आणि पहिल्यांदा काय दुरुस्त केले? तारखा आणि नावे लिहून घ्या, परवानगी घेऊन नोंदणी पुस्तकाचे पान पाहा. मोडीत निघालेल्या गाडीचे लोखंड वितळून पुन्हा कामी येईल. तिची हकिकत मात्र कोणी लिहून घेतली तरच उरेल.