विटाळ, जंतू आणि आपले इस्पितळ

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकविण्यात गेली आणि त्यांतला निम्मा वेळ एकच गोष्ट सांगण्यात गेला: "मुलींनो, हात धुवा." एवढ्याशा गोष्टीला इतिहास कसला, असे कोणी म्हणेल. पण तो आहे, आणि आपल्या कोल्हापुरातच त्याचा एक धागा आहे.

भाऊसिंगजी रोडने जाताना आपण ज्या दगडी इमारतीला 'सीपीआर' म्हणतो, तिचे मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८१ ते १८८४ च्या दरम्यान ती उभी राहिली. पुढे तिला छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव मिळाले. याच इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून १८८६ साली कोल्हापूर दरबाराने डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली होती. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. अमेरिकेत पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयही हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र हाच. परंतु कोल्हापूरच्या त्या दालनात त्यांचे पाऊल पडलेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. क्षयाचा जंतू कॉखने शोधून काढला त्याला तेव्हा पाच वर्षे होत आली होती. जंतू ठाऊक झाला होता, औषध मात्र नव्हते. ज्या बाईने येथे येऊन बाळंतिणींना रोगापासून राखावयाचे, तिलाच रोगाने नेले. त्या इमारतीवरून जाताना मला हे दर वेळी आठवते.

त्या काळची बाळंतिणीची खोली आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकून-पाहून ठाऊक आहे. घरातली सर्वांत अंधारी, खिडकी बंद, अंथरायला जुनेर, नाळ कापायला विळा, आणि नाळेवर कोठे राख तर कोठे शेण. बाळ सातव्या-आठव्या दिवशी ताठ होऊन गेले की सटवीचे नाव निघे. तो धनुर्वात होता. शेणातून, मातीतून, गंजक्या विळ्यातून तो नाळेवाटे शिरे. पुढे सुइणींच्या वर्गांतून पाच स्वच्छता शिकवू लागले: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. त्यात महाग असे काय होते? ही शिकवण, धनुर्वाताची लस आणि दवाखान्यांत होऊ लागलेली बाळंतपणे यांमुळे २०१५ साली, माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

आणि हे केवळ आपल्या अडाणीपणाचे होते असेही समजू नये. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी सूतिकाज्वराने मरत, सुइणींच्या विभागात पुष्कळच कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत, एवढाच फरक! सेमेलवाइसने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर असलेले मृत्यू जुलैत शेकडा १ च्या आसपास आले. तरीही विद्वानांना ते पटले नाही. आपल्या हातानेच रोगी मेला, हे कोणाला ऐकवते?

आपल्याकडे प्लेगने हा धडा फार कठोरपणे शिकविला. १८९७ साली पुण्याजवळ चिरंजीव डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग येतो हे सिमॉंडने सांगितले ते १८९८ मध्ये. कशापासून जपायचे हे कळण्याआधीच माणसे सेवेला उभी राहिली होती. त्याच सुमारास आपल्या शेजारी, मिरजेस, डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात हे काम शिकायला धाडले, तेव्हा लोकांनी बोटे मोडली. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्डमध्ये आल्या; आनंदीबाईंचे राहिलेले काम एका अर्थी त्यांनी हाती घेतले.

वर्गात मला सर्वांत अवघड गेले ते सोवळ्याचे. मुली येत त्या घरून स्वच्छता शिकूनच येत. पण ती स्वच्छता माणसाला जोखणारी. अमक्याला शिवले तर आंघोळ, तमक्याला शिवले तर चालते. मी सांगे, जंतू जात विचारीत नाही. भटजीबुवांच्या जखमेतून निघून तो कोणाच्याही टाक्यावर बसतो. रोगी कोणीही असो, शिवण्याआधी हात धुवायचे आणि शिवल्यावरही धुवायचे. 'आधी' हा शब्द त्यांना नवा असे. विटाळानंतर धुणे सर्वांना ठाऊक. पण समोरच्याला आपला विटाळ होऊ नये म्हणून धुणे, हे मनात उतरायला दोन-दोन महिने लागत.

एक खेळ मी दर वर्षी घेई. डोळे मिटून हाताला साबणाऐवजी रंग चोळायला लावायचा. डोळे उघडले की अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोके कोरी! हसू येई, पण लक्षात राही.

वर्गातले वॉर्डात टिकत नाही, ही माझी जुनी तक्रार. एका इस्पितळात चाळीस खाटांना एकच नळ होता, तोही दाराबाहेर. माझी विद्यार्थिनी प्रत्येक रोग्यानंतर तेथे जाऊ लागली, तेव्हा वरिष्ठ बाई म्हणाल्या, "अशाने ड्रेसिंग संपतील का?" ती रडत आली. मी तिला काय सांगणार? दोघी मिळून झाकणाची बादली, तोटी आणि साबण खाटांपाशी नेऊन ठेवले. चार दिवसांनी त्या बाईही तेथेच हात धुऊ लागल्या.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा तीच मुलगी एका वॉर्डाची परिसेविका होती. तो संरक्षक पोशाख चढविण्यापेक्षा उतरविणे धोक्याचे. आधी हातमोजे, मग चष्मा, झगा, शेवटी मास्क, आणि मध्ये मध्ये हात. नव्या मुलींना ती स्वतः उभी राहून हे करायला लावी. रात्री फोनवर म्हणाली, "बाई, आता नळ आत आहेत."

परवा मंडळात बारशाला बाळ आले. सगळ्याजणी घ्यायला धावल्या. मी मोरीकडे गेले तो नळापाशी साबण नाही. चिटणीसबाईंना तेव्हाच सांगितले. आता आहे.