कळमना बाजार आणि परस्परतेचे अर्थशास्त्र

नागपूर शहराच्या पूर्व भागात कळमना येथे कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आहे. काटोल-नरखेडची संत्री, भिवापूर-कुहीकडील मिरची, तांदूळ, सोयाबीन, तूर, हरभरा असा नाना तऱ्हेचा शेतमाल येथे हर्रासाला लागतो. माल घेऊन आलेला शेतकरी सहसा साऱ्या दुकानांचे उंबरे झिजवीत नाही. त्याची गाडी ठरलेल्या अडत्याच्या दुकानापुढे थांबते. कित्येकदा तेथे त्याच्या वडिलांचेही खाते असते. भाव रोज बदलतो, दुकान बदलत नाही. प्रत्येक जण केवळ तात्कालिक लाभ पाहतो असे मानणाऱ्या अर्थशास्त्राला या सवयीचे कोडे पडते. ‘नागरी अर्थव्यवस्था’ ही विचारधारा मात्र आपल्या विवेचनाचा प्रारंभच अशा संबंधांपासून करते.

या विचाराचा उगम अठराव्या शतकातील नेपल्समध्ये आहे. आंतोनियो जेनोव्हेसी याच्यासाठी १७५४ मध्ये तेथे एक अध्यासन निर्माण झाले. अर्थशास्त्राच्या युरोपातील पहिल्या अध्यासनांत त्याची गणना होते. देणगीदार बार्तोलोमेओ इंतिएरी याची एक अट होती : व्याख्याने लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियन भाषेत व्हावीत. ही व्याख्याने १७६५ ते १७६७ या काळात, म्हणजे अ‍ॅडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ मध्ये येण्यापूर्वी सुमारे दशकभर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्मिथने देवाणघेवाणीच्या मुळाशी स्वहित पाहिले. जेनोव्हेसीने तीच देवाणघेवाण परस्परसाहाय्य म्हणून पाहिली आणि तिचा पाया सार्वजनिक विश्वासात शोधला. लुइजिनो ब्रुनी आणि स्तेफानो झामान्यी या इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात हा विचार पुन्हा पुढे आणला.

येथे परस्परता म्हणजे दानधर्म नव्हे आणि करारही नव्हे. करारात देणे-घेणे आधीच मोजलेले असते. परस्परतेत एक जण प्रथम देतो. परतफेड होईल असा भरवसा असतो, पण तिचे माप आणि मुदत कागदावर उतरवलेली नसते. मराठी मुलखाला ही कल्पना परकी नाही. एकमेकांचे बैल जोडून शेते कसण्याची सावड किंवा गावाने एखाद्याच्या शेतात मिळून काम करण्याची इर्जिक ही तिचीच रूपे. मात्र तिची दुसरी बाजूही याच भूमीत दिसते. बलुतेदारीतही देणे-घेणे होतेच; पण सुताराने, चांभाराने किंवा महाराने कोणते काम करायचे हे जन्माने ठरत असे आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र आहे. त्यामुळे परस्परतेचे गोडवे गाणाऱ्याने ती सोडता येते का, हा प्रश्न आधी विचारावा.

अडत्याच्या दुकानातही हाच प्रश्न कळीचा ठरतो. पेरणीच्या तोंडावर अडत्या उचल देतो, बारदाना पुरवतो, घरातल्या आजारपणाला किंवा लग्नाला रक्कम काढून देतो. तारण नसते, अर्ज नसतो, ओळख असते. मोबदल्यात हंगामाचा माल आपल्याच दुकानी उतरावा, ही अपेक्षा असते. पावसाने दगा दिला तर वसुली पुढच्या हंगामावर जाते, हा या व्यवहाराचा मोठा आधार. पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला भाव पटला नाही म्हणून माल परत नेता येत नाही. वजनात कडता धरला तरी तो बोलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही शेतकऱ्यांची निष्ठा सारखीच दिसते; पहिला विश्वासाने आलेला असतो, दुसरा बांधलेला असतो.

बाजाराचे कायदे हा भेद ओळखूनच झाले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये तेथे कापूस व धान्य बाजारांचा कायदा लागू झाला. मध्य प्रांतात, ज्यात नागपूर होते, कापसासाठी १९३२ मध्ये आणि इतर शेतमालासाठी १९३५ मध्ये कायदे आले. आज लागू असलेला महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. अनेक जुन्या बाजारांत हत्ता पद्धत चाले : रुमालाखाली दलाल आणि खरेदीदार बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. तिच्या जागी उघड लिलाव आला. काटा तपासला जाऊ लागला, चुकारा त्याच दिवशी करण्याचे बंधन आले. जेनोव्हेसी ज्याला सार्वजनिक विश्वास म्हणतो, तो व्यवहारात असा उघड बोलीत आणि खऱ्या काट्यात असतो. नियमांनी ओळखीचे नाते मोडले नाही, त्यातील अंधार कमी केला. चुकारा लांबला की हे बंधनही कागदावर राहते, हे वेगळे.

पाठीवर पोते वाहणाऱ्यांची परस्परता अधिक सरळ आहे. हमालांची टोळी काम मिळून करते आणि मजुरी वाटून घेते. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्यासाठी मंडळे आली. मालकाने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरायची, म्हणजे मजुराला मालकाच्या मर्जीवर राहावे लागत नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त अन्नाचे केंद्र सुरू केले. टोळीतली सवय संस्थेत उतरली, ती अशी.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि त्यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बंद पुकारला. त्याच वर्षी १४ एप्रिलला ई-नाम ही राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक बाजारव्यवस्था सुरू झाली होती. परगावच्या खरेदीदाराला संगणकावर बोली लावता यावी, हा तिचा हेतू. त्यामुळे शेतकऱ्याला एकाच दुकानावर विसंबण्याचे कारण कमी व्हावे. परंतु हा दूरचा खरेदीदार जूनमध्ये बियाण्याला पैसे देत नाही.

ते काम सहकारी पतव्यवस्थेचे. नागपूर जिल्ह्यात नेमके तेच ढासळले. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील सरकारी रोख्यांचा गैरव्यवहार २००२ मध्ये उघडकीस आला, बँक खिळखिळी झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने माजी अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवले. ज्यांचे पीककर्ज या बँकेतून येत असे, त्यांच्यापैकी ज्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडले नाही, त्यांच्यासाठी पेरणीच्या पैशाला सावकार किंवा अडत्याचे खाते एवढाच मार्ग उरतो. आणि खाते निघाले की हंगामात गाडी कोठे थांबणार, हे तेव्हाच ठरून जाते.