रक्त सुधारलें, पण पाय?

श्रोतेहो, आमच्या जिंतुरांत एखादा वृद्ध गृहस्थ "पायांना मुंग्या येतात, वहाण केव्हां निसटली तेंही कळत नाहीं" असें म्हणूं लागला, कीं घरचीं माणसें वयाकडे बोट दाखवून मोकळीं होतात. मीही तसेंच करीत असें. परंतु या तक्रारीमागें कधीं कधीं रक्ताचा एक विरळा रोग दडलेला असतो, आणि त्याच्या इतिहासाचें एक पान मुंबईंत लिहिलें गेलें आहे.

इ. स. १८५५ मध्यें लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. रोगी फिकट पडे, क्षीण होई व अखेर दगावे. म्हणून त्यास 'घातक पांडुरोग' म्हणूं लागले. इ. स. १९०० मध्यें रसेल, बॅटन व कॉलियर यांनीं त्यासमवेत आढळणारा मज्जारज्जूचा ऱ्हास तपशिलानें वर्णिला. इ. स. १९२६ मध्यें मायनॉट व मर्फी या अमेरिकन वैद्यांनीं रोग्यांस यकृत खाऊं घालून वांचविलें.

इ. स. १९२८ मध्यें लुसी विल्स या विदुषी मुंबईस आल्या. गरोदर गिरणीकामगार स्त्रियांना जडणारा पांडुरोग त्यांनीं परळच्या हाफकिन संस्थेंत राहून अभ्यासिला, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें तो बरा होतो, असें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. अमेरिकेंत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं तें १९४५ च्या सुमारास कृत्रिम रीतीनें तयार झालें.

आतां खरी कसोटी लागली. तेंच औषध घातक पांडुरोगाच्या रोग्यांस दिलें, तेव्हां रक्त भरलें, चेहऱ्यावर लाली आली. पण कित्येकांचे पाय बधिर होत गेले, तोल जाऊं लागला. रक्ताची उणीव झांकली गेली. मज्जातंतूंची झीज चालूच राहिली! कारण त्यांना हवें होतें बी-१२ हें जीवनसत्त्व, जें १९४८ मध्यें हातीं आलें. या रोगांत जठरांत तें शोषून घेण्यास लागणारें द्रव्यच निर्माण होत नाहीं.

श्रोतेहो, घातक पांडुरोग विरळा खरा. परंतु बी-१२ दूध, अंडीं, मांस अशा प्राणिज अन्नांतूनच मिळतें, म्हणून त्याची उणीव आपल्या शाकाहारी घरांत विरळी नाहीं. फार दिवस झिजलेला मज्जातंतू पुन्हां पूर्ववत् होईलच, असें नाहीं. म्हणून घरांतील वडील माणसाच्या मुंग्यांना वयाचें नांव देण्यापूर्वीं वैद्यास विचारावें, एवढीच माझी विनंती.