यकृतशोथ-सी : कुमारवयातील व्हायरसरोधी उपचारांचा इतिहास

सी-व्हायरसामुळे यकृताला येणारी दाहयुक्त सूज सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास तिला चिरकारी यकृतशोथ-सी म्हणतात. हा व्हायरस मुख्यत्वे दूषित रक्त व सुया यांमधून पसरतो. बाधित मातांच्या सुमारे ५ टक्के अर्भकांनाही त्याचा संसर्ग होतो. मुलांमध्ये हा रोग बहुधा मूकपणे वाढतो. कावीळ दिसत नाही, मूल शाळेत जाते, खेळते. यकृत सूत्रण रोग किंवा कर्करोग उद्‌भवलाच, तर तो बहुधा काही दशकांनंतर. म्हणूनच १२ ते १७ वर्षांच्या रुग्णांवर उपचार केव्हा करावेत, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त राहिला.

रक्ताधानानंतरचा यकृतशोथ ए व बी या व्हायरसांखेरीज अन्य कारणानेही होतो, हे स्टीव्हन फाइनस्टोन, हार्वी ऑल्टर व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत १९७५ मध्ये दाखविले. मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष व्हायरस ओळखला तो १९८९ मध्ये. उपचार मात्र त्याआधीच सुरू झाले होते : जे. हूफ्नॅगल व सहकाऱ्यांनी अशा १० रुग्णांना इंटरफेरॉन दिल्याचा वृत्तांत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. शत्रूचे नाव कळण्यापूर्वीच त्याच्यावर शस्त्र चालविल्याचे हे वैद्यकातील एक विरळ उदाहरण होय.

अमेरिकेत प्रौढांसाठी इंटरफेरॉनाला १९९१ मध्ये व त्याच्या जोडीने रिबाव्हिरिनाला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तीन वर्षांवरील मुलांसाठी ही जोडी २००३ मध्ये, तर आठवड्यातून एकदाच टोचावे लागणारे पेगिलेटेड इंटरफेरॉन २००८ मध्ये मान्य झाले. ‘पीड्स-सी’ या अमेरिकी चाचणीत (२०११) ५ ते १७ वर्षे वयाच्या ११४ मुलांपैकी ज्यांना दोन्ही औषधे दिली त्यांतील ५३ टक्के, तर केवळ इंटरफेरॉन घेतलेल्यांपैकी २१ टक्के व्हायरसमुक्त झाली. या यशाचे मोल जबर होते. ताप, अंगदुखी व खिन्नता यांबरोबरच उंचीची वाढ मंदावे आणि उपचार थांबवून दोन वर्षे लोटली तरी अनेकांमध्ये ती पूर्ववत होत नसे. वाढीच्या ऐन वर्षांत ४८ आठवड्यांचा असा उपचार, तोही लक्षणे नसलेल्या मुलावर, लादण्यास अनेक वैद्य कचरत. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा संकोच योग्यच होता, असे आता म्हणता येते.

थॅलॅसीमियाच्या रुग्णांना मात्र थांबणे परवडणारे नव्हते. भारतात दात्याच्या रक्ताची सी-व्हायरसासाठी तपासणी २००१ पासून सक्तीची झाली; तत्पूर्वी वारंवार रक्ताधान घेणाऱ्या अनेक मुलांना संसर्ग झाला. यकृतात साचणाऱ्या लोहामुळे त्यांच्यातील सूत्रण अधिक वेगाने वाढते. पण रिबाव्हिरीन तांबड्या कोशिका फोडते, म्हणजे रक्ताधानाची गरज आणखी वाढविते. ज्यांना औषध सर्वांत निकडीचे, त्यांनाच ते सर्वांत कमी सोसे.

ही कोंडी फोडली ती व्हायरसाच्या स्वतःच्या एंझाइमांवर व प्रथिनांवर आघात करणाऱ्या गोळ्यांनी. व्हायरसाचे रिबोन्यूक्लिइक अम्ल तयार करणाऱ्या पॉलिमरेज एंझाइमास रोखणारे सोफोसबुव्हिर प्रौढांसाठी डिसेंबर २०१३ मध्ये आले. लेडिपास्व्हिरासह ते १२ आठवडे घेतलेल्या १०० कुमारवयीनांपैकी ९८ व्हायरसमुक्त झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये १२ वर्षांवरील किंवा किमान ३५ किग्रॅ. वजनाच्या मुलांसाठी ते मान्य झाले. गोळी प्रौढांचीच, मात्राही तीच. तरीही कुमारांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये १२ वर्षांवरील आणि २०२२ मध्ये तीन वर्षांवरील मुलांसाठीही अशा औषधांची शिफारस केली.

अमेरिकेत सोफोसबुव्हिराच्या १२ आठवड्यांच्या क्रमाची मूळ किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाल्यावर येथे औषध अत्यल्प किमतीत उपलब्ध झाले आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात यकृतशोथ-सीवरील उपचारांची मोफत सोय झाली. आता अडचण रुग्ण सापडण्याची आहे : मातेची तपासणीच झाली नसेल, तर लक्षणविरहित मुलाचे रक्त तपासण्याचे कारण सहसा कोणाला सुचत नाही.