प्रवासी संभाषण-पुस्तिका आणि मध्यस्थ भाषा : इटालियनचे एक उदाहरण

परदेशप्रवासास निघालेल्या मनुष्याच्या खिशातील संभाषण-पुस्तिका भाषाभ्यासकांनी बहुधा उपेक्षिलेली आहे. कोशाचे गांभीर्य तिच्यापाशी नाही, व्याकरणाची शिस्तही नाही. तथापि इतिहासाचे साधन म्हणून ती पाहिली, तर तिच्यातील प्रत्येक वाक्यामागे एक विशिष्ट वक्ता गृहीत धरलेला आढळतो. तो कोण, कोणाशी बोलतो, त्यास काय हवे आहे आणि कोणत्या भाषेच्या आधाराने तो परभाषेकडे वळतो, हे सारे त्या वाक्यांतून कळते. इटालियनच्या संदर्भात यांपैकी शेवटचा मुद्दा मराठी भाषकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा असून प्रस्तुत लेखाचा रोख त्याच्यावरच आहे.

हा प्रकार जन्मला व्यापारात. सोळाव्या शतकात अँटवर्प येथील शिक्षक नोएल द बेर्लेमाँ याने फ्लेमिश व फ्रेंच संवादांचे एक पुस्तक रचले. पुढील आवृत्त्यांत इटालियनसह सात-आठ भाषा शेजारी शेजारी स्तंभांत छापल्या जाऊ लागल्या. भोजनप्रसंगीचे बोलणे, खरेदीतील घासाघीस, थकलेल्या येण्याची मागणी असे त्याचे विषय होते. याच नमुन्यावर फ्रेडरिक द हाउटमन याने 1603 मध्ये मलायी संवाद प्रसिद्ध केले. विल्यम केरीने 1805 मध्ये श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले, त्यासही व्यावहारिक संवाद जोडलेले होते. म्हणजे मराठीचा या वाङ्मयप्रकाराशी संबंध आला तो प्रथम दुसऱ्याने शिकावयाची भाषा म्हणून.

इटलीशी मराठीचा संबंध याहून जुना, पण तो नेहमी तिसऱ्या भाषेतून आलेला. 1778 मध्ये रोम येथे ‘ग्रामातिका मरास्ता’ हे मराठीचे व्याकरण छापले गेले, ते पोर्तुगीजमध्ये होते. उलट दिशेने पाहता, सावरकरांनी 1907 मध्ये मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले ते इंग्रजी भाषांतरावरून. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींतील शिपाई इटलीत उतरले, तेव्हा त्यांच्या लष्करी शिक्षणाची भाषा रोमन लिपीतील उर्दू होती. कोकणातील किंवा देशावरील शेतकऱ्याचा मुलगा मातृभाषेपासून दोन पायऱ्या दूर जाऊन इटालियनला सामोरा जात होता.

या मध्यस्थीने नुकसान काय होते, हे ध्वनींच्या बाबतीत स्पष्ट दिसते. इंग्रजी वाचकासाठी रचलेल्या पुस्तिकेत इटालियन उच्चार रोमन अक्षरांत इंग्रजी वळणाने लिहिलेले असतात. मराठी मनुष्य इंग्रजी ‘टी’चा उच्चार ‘ट’ असा करतो. त्यामुळे ‘तुत्तो’चे ‘टुटो’ आणि ‘क्वान्तो’चे ‘क्वांटो’ होते. वस्तुतः इटालियन त व द मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. व्यंजनाच्या द्वित्वाने अर्थ पालटतो, हेही आपणांस नवे नाही. ‘मका’ आणि ‘मक्का’ यांत जो भेद आपण सहज ऐकतो, तोच इटालियन ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू यांत आहे. इंग्रज प्रवाशास तो प्रयत्नाने साधावा लागतो. याहून लक्षणीय म्हणजे ‘चाक’मधील दंत्य च आणि ‘चिंच’मधील तालव्य च हे दोन्ही ध्वनी इटालियनमध्ये स्वतंत्रपणे नांदतात. अडते ते ‘ग्रात्सिए’सारख्या शब्दाशी. ‘माझा’चे ‘माझी’ होताना आपला दंत्य ध्वनी इकारापुढे तालव्य होतो, आणि येथे तर इकारापूर्वी दंत्यच राखावयाचा आहे. ही सूचना मराठी वाचकास एका ओळीत देता येईल. इंग्रजी पुस्तिकेत ती असण्याचे कारणच नाही. अंकांची तर आपणांस पूर्वओळख आहे. 1583 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या आणि 1588 मध्ये गोव्यात निधन पावलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने सेइ, सेत्ते, ओत्तो, नोवे या संख्यांचे संस्कृतशी असलेले साम्य आपल्या पत्रांत नोंदविले होते. विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानास तेव्हा दोनशे वर्षे अवकाश होता.

संबोधनाचा प्रश्न अधिक नाजूक. इटालियनमध्ये सलगीचा ‘तू’ आहे, ‘वोइ’ आहे, आणि आदरार्थी ‘लेइ’ आहे, जो मूळचा तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी ‘ती’. आपला ‘आपण’ही मूळ द्वितीयपुरुषी नव्हे. तो आत्मन् शब्दापासून आलेला आत्मवाचक आहे. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेइ’ परकीय व दास्यसूचक ठरवून त्याच्या जागी ‘वोइ’ची सक्ती केली. त्या भरात ‘लेइ’ नावाच्या एका स्त्रियांच्या नियतकालिकास ‘आन्नाबेल्ला’ हे नाव घ्यावे लागले, जरी तेथे ‘लेइ’चा अर्थ केवळ ‘ती’ एवढाच होता! युद्धोत्तर काळात ‘लेइ’ प्रमाण व्यवहारात परतला. दक्षिणेत मात्र ‘वोइ’ लोकव्यवहारात पूर्वापार होताच. सप्टेंबर 1943 मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन तारांतोस उतरली ती याच प्रदेशात. पुढे 10 जुलै 1944 रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी वीरमरण पत्करले, आणि 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. इटलीच्या शरणागतीनंतर बंदिछावण्यांतून निसटलेल्या अनेक हिंदी कैद्यांना तेथील शेतकरी कुटुंबांनी आसरा दिला. अशा घरात म्हातारीस काय म्हणावे आणि पोरास काय, हे त्यांनी कानांनीच टिपले असणार. इंग्रजी ‘यू’ या भेदांवर पांघरूण घालतो, आणि त्याच्या आधाराने रचलेली पुस्तिका वाचकास बहुधा ‘लेइ’चे एकच रूप हाती देते. मराठी स्तंभात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ लिहिताच निवड करणे भाग पडते.

वक्ता कोण, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मराठी व गुजराती कुटुंबे शेजाराने राहतात अशा घाटकोपरसारख्या उपनगरातून सहलीस जाणाऱ्यांपैकी अनेकांची पहिली निकड ताटाची असते. प्रचलित पुस्तिकांच्या भोजनप्रकरणात द्राक्षमद्य मागविण्याची वाक्ये विपुल. ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्यही मिळते, पण ते पुरत नाही, कारण भाताच्या पदार्थात मांसाचा रस्सा असू शकतो आणि पार्मेसान चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या जैन प्रवाशाचे वाक्य तर शोधून काढावे लागते. ते असे : ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’. पहिल्या शब्दात ‘चाक’चा च, दुसऱ्यात ‘चिंच’चा, आणि त्यापुढे लकाराचे द्वित्व. ‘आल्यो’मधील तालव्य लकार मात्र मुद्दाम शिकावा लागतो.