गोटीतला इतिहास



अभ्यासाच्या वेळी मुलगा रेंगाळताना दिसला की आपण सहज म्हणून जातो, "गोट्या खेळत बसलास काय?" गोटी म्हणजे रिकामटेकडेपणा, असा आपल्या बोलण्याने जणू निकालच देऊन टाकला आहे. इतिहास शिकविणारा म्हणून मला हा निकाल मान्य नाही. राजांची नावे आणि लढायांची साले आमची मुले पाठ करतात. पण पुरावा म्हणजे काय, तो हातात घेऊन कसा तपासावा, हे त्यांना क्वचितच कळते. ते शिकवायला गोटीइतके स्वस्त साधन नाही. किल्ला वर्गात आणता येत नाही, गोटी खिशात मावते.

हा खेळ किती जुना, या वादात फार शिरण्याचे कारण नाही. मोहेंजोदारोच्या उत्खननात दगडाच्या व मातीच्या लहान गोळ्या मिळाल्या आहेत, आणि रोमन मुले अक्रोडांनी असेच खेळ खेळत. परंतु नव्या संग्राहकाच्या हाती येणारी जुनी गोटी बहुधा गेल्या पावणेदोनशे वर्षांतली असते. तेवढा काळ नीट समजला तरी पुरे.

आधी दगडाची गोटी घेऊ, कारण तो दगड आपल्या ओळखीचा आहे. आपले वडीलधारे बोटात जी अकीकची अंगठी घालतात, त्याच अकीकच्या गोट्या जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन या गावी घासून तयार होत. पाणचक्कीवर फिरणाऱ्या मोठ्या दगडावर अकीकचा तुकडा धरून कारागीर त्याला गोल आकार देई. आपल्याकडे अकीकचे माहेर म्हणजे गुजरातेतील खंबायत. तेथील कारागिरांना कच्चा दगड मिळे तो मुख्यतः रतनपूरच्या खाणींतून, आणि रतनपूरजवळ बाबा घोर या हबशी अवलियाचा दर्गा आहे. या धंद्याचा पाया त्यांनीच घातला, अशी परंपरा तेथे सांगतात. हाताने घासलेली अकीकची गोटी भिंगाखाली पाहा : ती वरवर गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक बारीक पैलू आढळतात. आत बुडबुडा दिसला तर मात्र ती अकीक नव्हे, काच आहे, मग विकणारा काहीही शपथा घेवो.

काचेच्या गोटीची कहाणी अधिक रंजक आहे. जर्मनीच्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचे गाव आहे. १५९७ मध्ये तेथे काचेची भट्टी उभी राहिली. पुढे काचेचे कृत्रिम डोळे आणि नाताळची शोभेची फळे यांसाठी हे गाव प्रसिद्ध झाले. १८४६ च्या सुमारास तेथील कारागिरांनी एक विशेष कात्री काढली. तिच्या एका पात्याच्या टोकाला लहान वाटी होती. रंगीत काचेच्या दोऱ्या आत घालून पीळ दिलेली तापलेली कांडी या वाटीत फिरवायची, गोल आकार आला की कापायची, पुन्हा पुढचा भाग फिरवायचा. आता विचार करा : कांडीपासून तोडलेल्या गोटीला तोडल्याच्या दोन जागा राहणारच, एक वर आणि एक खाली. जुन्या हातघडणीच्या गोटीच्या दोन्ही टोकांना बोटाला लागेल असा खरखरीत डाग किंवा घासलेला सपाट ठिपका असतो, तो हाच. आतले रंगीत पीळही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. दीडशे वर्षांपूर्वी कोणा कारागिराचा हात जिथे थांबला, ती जागा आपल्या बोटाखाली येते. इतिहासाचा इतका जवळचा स्पर्श पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

त्याच काळातील आणखी एक नमुना म्हणजे आत पांढरी आकृती असलेली पारदर्शक गोटी. कुत्रा, मेंढी, पक्षी अशी चिमुकली मूर्ती काचेत बसवलेली असते. ती क्वचितच दिसते.

मग यंत्र आले. अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी मार्टिन क्रिस्टेन्सन या मूळच्या डॅनिश माणसाने १९०५ मध्ये गोट्या करण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. खोबण असलेल्या फिरत्या चाकांमध्ये तापलेल्या काचेचा गोळा पडे आणि फिरता फिरता गोल होऊन निवे. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद पडल्यावर अमेरिकन कारखान्यांना मोकळे रान मिळाले. यंत्रावरच्या गोटीला ते दोन खरखरीत डाग नसतात. मात्र क्रिस्टेन्सनच्या कारखान्यात काच भट्टीतून हातानेच उचलत, त्यामुळे कित्येक गोट्यांवर इंग्रजी नवाच्या आकड्यासारखी वळलेली रेघ उमटलेली आहे. स्वच्छ काचेच्या पोटात मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाकळी दिसली तर ती गोटी १९५० नंतरच्या जमान्यातली समजावी. आपल्या दुकानांतून ज्या सर्रास मिळाल्या त्या बहुतेक याच जातीच्या.

आता आपल्या अगदी घरची गोटी. हायरम कॉड या इंग्रज इंजिनियरने १८७२ मध्ये आपल्या सोड्याच्या बाटलीचे पेटंट पक्के केले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि वर रबराचे कडे. बाटली उलटी धरून भरली की वायूचा दाब गोटीला कड्यावर घट्ट दाबून धरी, बूच नकोच. इंग्लंडात ही बाटली केव्हाच मागे पडली. आपल्याकडे गोटीसोडा अजून मिळतो. ही गोटी हिरवट, एकरंगी, आत नक्षी नसलेली असते. हिरवा रंग वाळूतल्या लोखंडाचा. ती मिळवण्यासाठी इंग्लंडातल्या पोरांनी असंख्य बाटल्या फोडल्या. आपल्याला जुनी अखंड बाटली सापडली तर कृपा करून फोडू नका. गोटीपेक्षा बाटलीच मोलाची आहे.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विद्यार्थ्याने जरूर हिंडावे, पण "अंग्रेज के जमाने का" या शब्दांना पैसे देऊ नयेत. हातघडणीच्या गोट्या करणारे कारागीर आजही परदेशात आहेत, म्हणून दोन डाग दिसले एवढ्यावर गोटी जुनी ठरत नाही. खेळलेल्या गोटीवर आपटल्याचे चंद्रकोरीसारखे बारीक व्रण असतात, तेही पाहावे. आणि जी जुनी गोटी आरशासारखी लखलखते तिच्याविषयी आधी संशय धरावा. काही व्यापारी व्रण काढण्यासाठी गोटी पुन्हा घासतात. त्यात टोकाचे डागही जातात, म्हणजे पुरावाच पुसला जातो.

खरे तर बाजारात जाण्यापूर्वी घरचा माळा पाहावा. कोकणातील आपल्या कित्येक घराण्यांतली माणसे बोटींवर नोकरीला होती. कोणी रंगूनला राहिले, कोणी केपटाउनला. त्यांच्या पेट्या अजून काही घरांत पडून आहेत. अशा पेटीत एखादी गोटी निघाली तर भंगारवाल्याला देण्याआधी दादाजींना किंवा नानीजींना विचारा, ही कोणी आणली, कोठून आणली. गोटीचे वय भिंग सांगेल, पण तिचा प्रवास तेच सांगू शकतात, आणि ते सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांनी सांगितलेले त्याच दिवशी वहीत लिहावे : तारीख, सांगणाऱ्याचे नाव, गोटीचा व्यास, रंग, टोकाला डाग आहेत की नाहीत.

सामान फारसे लागत नाही. एक भिंग, एक मोजपट्टी, एक वही. गोटी कोमट पाण्यात साबणाने धुवावी. कढत पाण्यात टाकली तर काच तडकते. आणि सगळ्या एकाच डब्यात ओतू नयेत, एकमेकींवर आपटून नवे व्रण पडतात. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून प्रत्येकीला तिच्या वहीतला क्रमांक चिकटवावा. क्रमांक खोक्यावर, गोटीवर नव्हे.