नांत–ब्रेस्त कालवा सायकलमार्ग

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील नांत–ब्रेस्त कालव्याच्या काठाने जाणारा, बव्हंशी मोटारमुक्त सायकलमार्ग. [→ ब्रिटनी; कालवे].

ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे ब्रेस्त बंदराची समुद्री रसद धोक्यात आली, तेव्हा नेपोलियनच्या काळात, 1811 मध्ये कालव्याचे काम सुरू झाले. 1842 मध्ये सु. 364 किमी. लांबीचा जलमार्ग पुरा झाला. पुढे रेल्वेमुळे मालवाहतूक घटली. 1930 मध्ये पूर्ण झालेल्या गेर्लेदां धरणाच्या जलाशयात कालव्याचा एक भाग व 17 जलपाश बुडाले आणि ब्रेस्तपर्यंतचा सलग जलमार्ग कायमचा खंडित झाला. [→ जलपाश].

नावा ओढणाऱ्या घोड्यांची काठावरची वाट हाच आजचा सायकलमार्ग. पृष्ठभाग मुख्यतः दाबलेल्या बारीक खडीचा असून चढ सौम्य आहेत. गेर्लेदांजवळ मात्र वाट कालवा सोडून जुन्या लोहमार्गाच्या पट्ट्यावरून जाते. येथेच केनेकां अरण्य आणि 12 व्या शतकात स्थापन झालेला बों-रपो हा सिस्टर्शियन मठ आहे. पूर्वेस जोस्लँ येथे रोआं घराण्याचा किल्ला थेट पाण्यालगत उभा आहे.

फ्रेंच वाहतूक संहितेत 2004 पासून ‘व्वा व्हेर्त’ (हरितमार्ग) ही स्वतंत्र वर्गवारी आहे. असे मार्ग विनामोटार वाहने, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठी राखीव असतात. युरोव्हेलो 1 या आंतरराष्ट्रीय सायकलमार्गाचा कारे ते नांत हा टप्पा बहुतांशी याच कालव्याला धरून जातो. [→ सायकल पर्यटन].